पाटीवर बारावं शतक, आत सगळं १८७२चं: गावातल्या चर्चचं वय कसं काढायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंग्लंडच्या ईस्ट यॉर्कशरमधल्या एका खेड्यात राहायला आलात. गावातल्या चर्चच्या पाटीवर ‘बारावे शतक’ असं लिहिलंय. आत मात्र बाकं, फरशी, छप्पर, रंगीत काचा असं सगळंच व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं दिसतं आणि दारातल्या पत्रकात १८७२ साली जीर्णोद्धार झाल्याचं म्हटलंय. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी तुम्हाला एक नक्की साल हवंय आणि पाटी थापा मारतेय की काय, अशी शंका आहे.

पाटी थापा मारत नाही. इमारतीत ओळखू येण्यासारखा जो सगळ्यात जुना भाग आहे, त्याचं वय ती सांगते. हा भाग पुष्कळदा एखादा दरवाजा, नाहीतर बाप्तिस्म्याचं दगडी पात्र एवढाच असतो. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करणारा वास्तुविशारद आहे. इथल्या प्रत्येक पॅरिश चर्चची (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव किंवा वस्त्या) दर पाच वर्षांनी तपासणी करावी लागते, १९५५ सालापासून तसा नियमच आहे. अशा तपासण्या हे माझ्या पोटापाण्याचं काम. पन्हळी, छपरावरचं शिसं, भिंतींच्या दरजा बघत फिरताना ‘हे चर्च कधीचं’ या प्रश्नाचा मला फारसा उपयोग होत नाही. ही भिंत कधीची, ती कुणाच्या पैशानं उभी राहिली आणि नंतर तिला कुणी का हात लावला, हे कळलं तर दुरुस्ती नीट होते. तुमचा खरा प्रश्नही तोच आहे, असं मला वाटतं. एकच साल शोधत बसलात तर प्रकल्प अडकेल.

तुमचं चर्च मी पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्या बेतानं घ्या. बरंचसं गाव कुठे आहे यावर अवलंबून आहे. होल्डरनेसच्या बाजूला असाल तर भिंती किनाऱ्यावरच्या गोल गोट्यांच्या असतील, वोल्ड्सच्या टेकड्यांवर असाल तर खडूच्या दगडाच्या. चांगला ताशीव चुनखडक टॅडकॅस्टरकडून आणावा लागे आणि तो ज्याला परवडे त्यालाच मिळे. खुद्द हल शहरातल्या होली ट्रिनिटी चर्चचा, म्हणजे आताच्या हल मिन्स्टरचा, पूर्वेकडचा भाग चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला विटांनी बांधलाय, कारण नदीकाठच्या गाळाच्या मुलखात दगडापेक्षा वीट सोयीची. म्हणून ओबडधोबड म्हणजे जुनं आणि गुळगुळीत म्हणजे नवं, असा हिशेब करू नका. नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

मग वय कळतं कसं? पहिला नियम अगदी साधा आहे: जे खाली आहे ते आधीचं. तो डोळ्यांनी पाहायचा असेल तर हंबर पूल ओलांडून बार्टन-अपॉन-हंबरला जा, तुमच्यापासून फार लांब नाही. तिथलं सेंट पीटर्स चर्च आता इंग्लिश हेरिटेजच्या ताब्यात आहे. टॉवरच्या खालच्या दोन टप्प्यांवर दगडाच्या उभ्या पट्ट्या आहेत. खालच्या टप्प्यात त्यांवर गोल कमानी, वरच्यात त्रिकोणी. सर्वांत वरचा तिसरा टप्पा मात्र एकदम वेगळ्या हाताचा आहे आणि तो अकराव्या शतकाच्या अखेरचा, नॉर्मन धाटणीचा, म्हणजे १०६६ साली फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांच्या पद्धतीचा. १८१९ साली थॉमस रिकमन या गृहस्थांनी इथेच बोट ठेवलं. वरचा टप्पा नॉर्मन असेल तर ज्याच्या डोक्यावर तो बसलाय ते काम नॉर्मन लोक येण्याआधीचं, म्हणजे सॅक्सन असलं पाहिजे. तोवर नुसत्या बांधकामावरून सॅक्सन इमारत ओळखण्याची खात्रीची रीत नव्हती. या रिकमनसाहेबांनीच मध्ययुगीन इंग्रजी बांधकामाला अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही नावं दिली आणि आजही प्रत्येक पत्रकात तीच चालतात. गंमत म्हणजे उमेदीची बरीच वर्षं त्यांनी विम्याच्या कचेरीत हिशेब लिहिण्यात काढली होती.

बार्टनला आणखी एक गोष्ट कळते. तो टॉवर हेच मुळात चर्च होतं: मधला उंच चौकोन लोकांसाठी, पश्चिमेला एक छोटी खोली, पूर्वेला दुसरी. पूर्वेची खोली पाडून नंतरच्या शतकांनी तिच्या जागी केवढं तरी मोठं सभागृह बांधलं आणि मूळ चर्च त्याच्या टोकाला टॉवर म्हणून उरलं. १९७८ ते १९८४ या काळात तिथे उत्खनन झालं आणि सुमारे २,८०० दफनं सापडली. दहाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत गाव तिथेच पुरलं जात होतं.

दुसरा नियम पहिल्याला छेद देणारा आहे: दगड जागा बदलतात. बाराव्या शतकातला दक्षिण दरवाजा, कमानीवर नागमोडी कोरीवकाम असलेला, हा गावाचा अभिमानाचा विषय असे. शंभरेक वर्षांनी लोकसंख्या वाढली, दक्षिणेची भिंत फोडून खांबांची रांग केली आणि बाहेर नवी भिंत घेतली, की तो दरवाजा दगड-दगड सुटा करून नव्या भिंतीत पुन्हा बसवायचे. म्हणजे दरवाजा ज्या भिंतीत आहे, तिच्यापेक्षा तोच जुना! तुमच्या पाटीवरचं ‘बारावे शतक’ अशा दरवाजावरून आलं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. बाप्तिस्म्याची पात्रं तर गावंही बदलतात. वोल्ड्समधल्या लँगटॉफ्ट गावी एक देखणं नॉर्मन पात्र आहे, ते मूळचं शेजारच्या कॉटमचं. कॉटम उजाड झालं, पात्र लँगटॉफ्टला आलं.

आता जीर्णोद्धाराबद्दल. जुनं पाडून नवं करायची खोड व्हिक्टोरियन लोकांची, असा समज आहे. नॉर्थ यॉर्कशरमध्ये कर्कडेलला सेंट ग्रेगरीज मिन्स्टर नावाचं लहानसं चर्च आहे. त्याच्या दक्षिण दरवाजावर दगडी सूर्यघड्याळ आहे आणि त्यावर जुन्या इंग्रजीतला लेख. लेखाचा आशय असा: गमलचा मुलगा ऑर्म यानं सेंट ग्रेगरीचं हे चर्च मोडून-पडून गेलेलं असताना विकत घेतलं आणि एडवर्ड राजा व टोस्टी अर्ल यांच्या दिवसांत पायापासून नवं बांधलं. टोस्टी १०५५ ते १०६५ या दहा वर्षांतच नॉर्थंब्रियाचा अर्ल होता, म्हणून साल जवळजवळ हातात येतं. एवढी नेमकी तारीख सांगणारा दगड दुर्मीळ. आणि तोही सांगतो काय, तर जीर्णोद्धार! तुमच्या गावच्या १८७२कडे या ओळीतलं एक काम म्हणून पाहा.

यानंतर पैशाकडे वळायला हवं, कारण चर्चची अर्धी वास्तुकला पैशाच्या वाटणीतून आली आहे. चर्चचे दोन मुख्य भाग: पूर्वेला वेदीचा भाग, त्याला चॅन्सल म्हणतात, आणि पश्चिमेला लोकांचा भाग, म्हणजे नेव्ह. मध्ययुगापासूनची रीत अशी की चॅन्सलची दुरुस्ती रेक्टरनं करायची, म्हणजे ज्याला गावच्या पिकाचा दहावा हिस्सा मिळतो त्यानं, आणि नेव्ह गावकऱ्यांनी सांभाळायचं. रेक्टर पुष्कळदा एखादा दूरचा मठ असायचा, त्याला गावाशी फार देणंघेणं नसे. त्यामुळे पंधराव्या शतकात लोकरीच्या पैशानं गावकऱ्यांनी नेव्ह उंच केलं, वर खिडक्यांची रांग काढली, आणि चॅन्सल दीडशे वर्षांपूर्वीचं बुटकं राहिलं, असं चित्र जागोजाग दिसतं. याउलट वेदीचा भागच लांबलचक आणि देखणा असला तर रेक्टर कोण होता ते आधी शोधा. तेराव्या शतकात पुष्कळ चॅन्सल वाढवली गेली. १२१५च्या लॅटरन परिषदेनं प्रभुभोजनाच्या विधीचं महत्त्व ठासून सांगितलं होतं, त्या काळाचं हे वळण.

इथे एक व्यवहाराची गोष्ट, कारण तुम्ही घर घेणार आहात असंही लिहिलंय. १५३६ ते १५४० दरम्यान आठव्या हेन्रीनं मठ बंद केले, तेव्हा हे दहाव्या हिश्शाचे हक्क खासगी लोकांकडे गेले आणि चॅन्सल दुरुस्तीची जबाबदारी जमिनीला चिकटून त्यांच्यामागे गेली. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या चर्चनं अशाच एका शेताच्या मालकांकडे दुरुस्तीचा खर्च मागितला, आणि २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, चर्चच्या बाजूनं निकाल दिला. आता नियम बराच सैल झालाय. १३ ऑक्टोबर २०१३ नंतर ही जबाबदारी जमिनीच्या दप्तरात नोंदलेली नसेल तर पैसे मोजून घेणाऱ्या नव्या मालकावर ती साधारणपणे येत नाही. तरी सॉलिसिटरला विचारून घ्या.

गाव वाढलं की चर्च वाढतं, हे पटकन कळतं. गाव आटलं की चर्चही आटतं, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी वोल्ड्समधलं व्हारम पर्सी हे उजाड झालेलं गाव पाहा. १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं तिथे उत्खनन चाललं. आधी लाकडी चर्च, मग लहान दगडी, मग बाराव्या-तेराव्या शतकात दोन्ही बाजूंना वाढवलेलं, आणि पुढे वस्ती घटल्यावर बाजूचे भाग पाडून कमानी चिणलेल्या. गावच्या जमिनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी गेल्या आणि १५००च्या सुमारास वस्ती संपली, तरी चर्च चालूच राहिलं, कारण थिक्सनडेलसारख्या शेजारच्या वस्त्या त्याच पॅरिशमध्ये होत्या. तिथे १९४९पर्यंत उपासना होत होती. तुमच्या चर्चच्या भिंतीत आतून खांबांच्या आणि कमानींच्या रेषा दिसत असतील पण पलीकडे काहीच नसेल, तर तुमच्याही गावानं असा काळ पाहिलाय. १३४९ची प्लेग हे त्याचं एक कारण असू शकतं, एकमेव नव्हे. प्रत्येक बंद कमानीवर प्लेगचं नाव टाकण्याची घाई पत्रकं लिहिणाऱ्यांना फार असते.

आता सगळ्यात मोठा बदल, आणि तो बघायला तुम्हाला आत जे नाही ते शोधावं लागेल. १५३०पूर्वीचं नेव्ह म्हणजे रंगच रंग. भिंतींवर संतांची चित्रं, चॅन्सलच्या कमानीवर अंतिम न्यायाच्या दिवसाचा देखावा, तिथेच लाकडी पडदा, त्यावर माळा आणि माळ्यावर क्रुसावरचा ख्रिस्त, मेरी व योहान. बाजूच्या भागांत छोट्या वेद्या. तिथे श्रीमंत घराणी पूर्वजांच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना म्हणायला पगारी पुरोहित ठेवत. इंग्लंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झालं आणि हे सगळं एका पिढीत गेलं. १५४७च्या कायद्यानं त्या प्रार्थनांच्या देणग्या सरकारजमा झाल्या, पुढच्या वर्षी मूर्ती काढायचे हुकूम आले, १५५०मध्ये दगडी वेद्यांच्या जागी लाकडी टेबलं आली, चित्रांवर चुन्याची सफेदी फिरली. १५५३ साली कॅथलिक मेरी राणी आली आणि सगळं परत मांडा असं फर्मान निघालं, पाचच वर्षांनी प्रोटेस्टंट एलिझाबेथ आली आणि ते पुन्हा उचललं गेलं. १५६१मध्ये माळे काढा, पडदा राहू द्या, असाही हुकूम आहे. गावच्या वॉर्डननी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यांनी, दोन्ही वेळा गवंडी-सुतारांची बिलं चुकती केली आणि वहीत लिहून ठेवली. धर्मशास्त्राचे वाद लंडनमध्ये चालले, चुन्याचे पैसे मात्र गावानं भरले.

त्या काळाच्या खुणा तुम्हाला दिसतील त्या अशा: बाजूच्या भागातल्या दक्षिण भिंतीत तळाशी छिद्र असलेला छोटा कोनाडा असेल तर तिथे एके काळी वेदी होती. वेदीवरची विधीची भांडी धुतल्याचं पाणी त्या छिद्रातून जमिनीत सोडत. चॅन्सलच्या कमानीजवळ भिंतीत जिना असेल आणि तो हवेतच संपत असेल तर तो माळ्यावर जायचा रस्ता. आणि सफेदीखाली चित्रं असू शकतात. पिकरिंगच्या चर्चमध्ये १८५२ साली पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं सापडली तेव्हा तिथल्या व्हिकारनं, म्हणजे पाद्र्यानं, ती पुन्हा चुन्याखाली घातली. पुढे ती कायमची उघडी झाली आणि आज लोक मुद्दाम ती बघायला जातात. तुमच्या प्रकल्पासाठी म्हणून मुलीला भिंत खरवडू देऊ नका, एवढं मात्र सांगून ठेवतो. चर्चच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा तर डायोसीझची, म्हणजे बिशपच्या प्रांताची, रीतसर परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात, आणि ती मलाही घ्यावी लागते.

सतराव्या-अठराव्या शतकांबद्दल मी भरभर बोलतो, कारण त्यांचं सामान बहुतेक ठिकाणी नंतर फेकलं गेलं: दारं असलेली उंच बाकं, पश्चिमेचा सज्जा, तिथे बसून वाद्यं वाजवणारे गावकरी. उरतं ते सहसा राजाच्या मानचिन्हाचा फळा, १६६०नंतर हे फळे सर्रास लागले, आणि भिंतीवरचे संगमरवरी स्मृतिफलक. त्या फलकांत पूना, किरकी, असई ही नावं दिसली तर दचकू नका. कंपनीच्या फौजेत गेलेल्या घराण्यांतल्या धाकट्या मुलांच्या त्या आठवणी आहेत.

मग १८७२. गाव वोल्ड्समध्ये असेल तर स्लेडमियरचे जमीनदार सर टॅटन साइक्स यांचं नाव पत्रकात शोधा. बापलेक दोघांचंही नाव टॅटनच, आणि मुलानं तर चर्च बांधण्या-दुरुस्त करण्यावर पाण्यासारखा पैसा ओतला. त्यांच्यासाठी जी. ई. स्ट्रीट या वास्तुविशारदानं थिक्सनडेल, फिंबर, हेल्परथॉर्प अशी एकामागून एक कामं केली. थिक्सनडेलला १८७०मध्ये स्वतःचं चर्च मिळालं आणि व्हारम पर्सीची पायपीट संपली. जमीनदाराचा पैसा नसेल तर वर्गणी, कारण १८६८मध्ये चर्चचा सक्तीचा कर रद्द झाला होता.

व्हिक्टोरियन लोकांना शिव्या घालायची पद्धत आहे, मला ती अर्धीच मान्य आहे. छपरं कुजलेली, भिंती बाहेर झुकलेल्या, पायात पाणी अशा अवस्थेत त्यांना ही चर्चेस मिळाली. त्यांनी हात घातला नसता तर आज मला तपासायला अनेक ठिकाणी ढिगारेच मिळाले असते. पण १८३९मध्ये केंब्रिजला निघालेल्या कॅमडन सोसायटी या चर्चच्या वास्तुकलेचा अभ्यास करणाऱ्या मंडळाच्या प्रभावाखाली चौदावं शतक हेच आदर्श ठरलं आणि त्यात न बसणाऱ्या खिडक्या, सज्जे, बाकं उखडली गेली. सर्वांत वाईट म्हणजे आतला गिलावा खरवडून दगड उघडे केले, दगड दिसला की जुनं वाटतं म्हणून! मध्ययुगातल्या माणसाला ती भिंत अर्धवट सोडल्यासारखी वाटली असती. याच खरवडण्याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. ती अजून आहे आणि माझ्यासारख्यांची शिकवणी तिच्याच तत्त्वांवर झाली.

म्हणजे मुलीनं प्रत्यक्ष काय करायचं? आधी बाहेरून सूर्याच्या दिशेनं एक फेरी, आत जायची घाई नको. दगड कुठे बदलतो, सांध्याची सरळ उभी रेघ कुठे दिसते, टॉवरच्या पूर्व अंगावर जुन्या उंच छपराची तिरकी खूण आहे का, उत्तरेला बुजवलेला दरवाजा आहे का, हे कागदावर मांडायचं. मग साध्या नकाशावर प्रत्येक काळाला एक रंग द्यायचा. रंगांना सालं नंतर लावता येतात.

सालांसाठी कागद लागतील. बाप्तिस्मा-लग्न-दफनांच्या नोंदवह्या ठेवायचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं १५३८मध्ये काढला, पण पुष्कळ गावांच्या वह्या १५५८पासूनच सुरू होतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवायला सांगितलं, तेव्हा निदान एलिझाबेथच्या राज्यारोहणापासून तरी उतरवा अशी सूट होती, आणि अनेकांनी ती आनंदानं घेतली. तुमच्या भागातल्या वह्या आणि वॉर्डनचे हिशेब बेव्हर्लीच्या ट्रेझर हाउसमधल्या अभिलेखागारात मिळायची शक्यता जास्त. १८७२च्या कामाची फॅकल्टी यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत विचारा. बदलाआधीचा आराखडा सोबत असेल तर तुमचं अर्धं काम झालंच. तिथेच १७४३ साली आर्चबिशप हेरिंग यांनी प्रत्येक पॅरिशला पाठवलेल्या प्रश्नावलीची उत्तरं आहेत. तेव्हा गावात कुटुंबं किती, उपासना किती वेळा होते, अशी माहिती त्यांत मिळते. जुनी मृत्युपत्रंही बघा, ‘टॉवरच्या कामाला अमुक शिलिंग’ असं एखाद्या शेतकऱ्यानं लिहून ठेवलं असेल तर टॉवर कधी चढत होता ते कळतं. १०८६च्या डूम्सडे पुस्तकात, म्हणजे इंग्लंडच्या जमिनींच्या जुन्या पाहणीत, तुमच्या चर्चचा उल्लेख नसला तर मनावर घेऊ नका, त्यात चर्चेसची नोंद कुठे आहे, कुठे नाही, काही नेम नाही.

पुढच्या वेळी दक्षिण दरवाजाचा समोरून आणि उत्तर भिंतीचा पूर्ण लांबीचा असे दोन फोटो इथे टाका, शक्यतो सकाळच्या तिरक्या उन्हातले. उत्तर भिंतीवर ऊन कमी येतं, तिथे ढगाळ दिवस चालेल. दरवाजाभोवतीचे दगड आणि त्याला लागून असलेली भिंत यांच्यामधली दरज स्पष्ट दिसू द्या. तो दरवाजा तिथलाच आहे की नंतर आणून बसवलाय, हे त्यावरून मी बऱ्यापैकी सांगू शकेन.